परक्या रीतींचा न्यायनिवाडा

मनुष्य स्वतःच्या चालीरीतींस सृष्टिनियम समजतो आणि शेजाऱ्याच्या चालीरीतींस खूळ समजतो. ही खोड आजकालची नव्हे. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत होऊन गेलेल्या हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकारानें इराणचा बादशहा दारियस ह्याची एक गोष्ट सांगून ठेविली आहे. दारियसानें आपल्या दरबारांतील ग्रीकांस विचारलें कीं, किती द्रव्य दिलें असतां तुम्ही मृत पित्याचें मांस खाल? कितीही द्रव्य दिलें तरी तें आमच्या हातून होणार नाहीं, असें ते उत्तरले. मग त्यानें ग्रीकांच्या समक्षच हिंदुस्थानच्या बाजूकडील एका जमातीच्या लोकांस बोलाविलें. हे लोक आईबापांचें शव खात असत, असें हिरोडोटस म्हणतो. किती द्रव्य घेऊन तुम्ही पित्याचें प्रेत जाळाल, असें बादशहानें विचारतांच त्यांनीं आक्रोश केला आणि असलें अभद्र बोलूं नये म्हणून त्यास विनविलें. त्या जमातीविषयींची ही माहिती प्रवाशांच्या कानगोष्टींतून आलेली असेल. पण गोष्टीचें मर्म त्यावर अवलंबून नाहीं. प्रेत जाळणें हा आपलाही आचार असल्यामुळें ही गोष्ट वाचतांना आपण नकळत ग्रीकांच्या रांगेंत जाऊन बसतों, आणि समोरच्यांचा आक्रोश ऐकून क्षणभर चपापतों.

ह्या गोष्टीवरून दोन निष्कर्ष निघूं शकतात. एक असा कीं, दुसऱ्याच्या रीतीस हंसण्यापूर्वीं ती त्याच्या डोळ्यांनीं पाहावी. दुसरा असा कीं, ज्याची रीत त्याला बरोबर. म्हणून कोणत्याही रीतीस बरेंवाईट म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. हे दोन निष्कर्ष वरवर पाहतां सारखेच वाटतात. पण पहिला समजून घेण्याचा नियम आहे आणि दुसरा न्याय नाकारण्याचा. विसाव्या शतकांत मानववंशशास्त्रांत 'सांस्कृतिक सापेक्षतावाद' ह्या नांवाखालीं जो मोठा वाद झाला, तो ह्या दोहोंमधील अंतराविषयींचा होता. त्या वादाचा एक महत्त्वाचा अध्याय पुण्यामुंबईस लिहिला गेला, म्हणून त्याचा इतिहास मराठी वाचकांनीं पाहण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप-अमेरिकेंतील पंडितांनीं मानवजातीची एक शिडी तयार केली होती. अमेरिकेंतील ल्यूइस हेन्री मॉर्गन ह्यांनीं १८७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वन्य, रानटी आणि सुधारलेली अशा समाजाच्या तीन अवस्था कल्पिल्या. इंग्लंडांत टायलर ह्यांचें लिखाण त्याच धर्तीचें होतें. शिडीच्या वरच्या पायरीवर शिडी रचणारे स्वतः बसलेले होते, हें सांगावयास नकोच. ह्या पंडितांचे परिश्रम मोठे होते आणि त्यांपैकीं पुष्कळांची वृत्ति उदारही होती. परंतु शिडीचा उपयोग पंडितांपेक्षां राज्यकर्त्यांस अधिक झाला. खालच्या पायरीवरील माणसास हात धरून वर ओढणें हें एकदां आपलें कर्तव्य ठरलें, कीं त्याची जमीन, त्याचें अरण्य आणि त्याचीं मुलें ह्यांविषयीं त्याला कांहीं विचारण्याची गरज उरत नाहीं.

ह्या शिडीवर पहिला जोराचा घाव घातला तो फ्रान्झ बोआस ह्यांनीं. जर्मनींतील मिंडन गांवीं १८५८ सालीं एका यहुदी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. त्यांचें मूळचें शिक्षण पदार्थविज्ञानाचें. कील विद्यापीठांत १८८१ सालीं त्यांनीं सादर केलेला प्रबंध पाण्याच्या रंगाविषयीं होता. पुढें १८८३-८४ मध्यें ते उत्तर ध्रुवाकडील बॅफिन बेटावर इन्युइट लोकांत राहिले. त्या लोकांस तेव्हां एस्किमो म्हणत. अन्नाचा दुष्काळ असतांनाही हातीं आलेली शिकार सर्वांनीं वांटून खाण्याची तेथील रीत त्यांनीं पाहिली, आणि आपला सुसंस्कृत समाज ह्या लोकांहून नक्की कशांत श्रेष्ठ, हा प्रश्न त्यांना पडला. त्या वेळच्या त्यांच्या रोजनिशींत तो नमूद आहे.

१८८७ सालीं बोआस ह्यांनीं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मांडणीवर टीका केली. तेथें निरनिराळ्या लोकांचीं हत्यारें, भांडीं, वाद्यें प्रकारवार मांडून त्यांतून क्रमविकास दाखविला जाई. बोआस ह्यांचें म्हणणें असें कीं, दिसण्यांत सारख्या असलेल्या वस्तूंचीं मूळ कारणें सारखीं असतीलच असें नाहीं. एखादा खुळखुळा मुलाचें खेळणें असेल, एखादा धर्मविधींतील पवित्र वस्तु असेल. दोन्ही एका कपाटांत ठेवल्यानें दोहोंचाही अर्थ नाहींसा होतो. वस्तूचा अर्थ कळावयाचा तर ती ज्यांनीं घडविली त्यांचें सबंध जीवन पाहिलें पाहिजे.

ही केवळ संग्रहालयाची चर्चा नव्हती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासी जमातींत पॉटलॅच नांवाचा एक समारंभ होत असे. यजमान आपल्या पाहुण्यांना घोंगड्या, भांडीं, तांब्याचे पत्रे अशी अपार देणगी वांटी. कॅनडा सरकारला व मिशनऱ्यांना ही निव्वळ उधळपट्टी वाटली, आणि १८८४ सालीं कायदा करून ती बंद करण्यांत आली. बोआस ह्यांनीं त्या लोकांत राहून दाखविलें कीं, ही उधळपट्टी नसून देण्याघेण्याची, ऋणाची आणि मानमरातबाची एक सुसंगत व्यवस्था आहे. दिलेलें पुढें परत यावयाचें असतें आणि समारंभास आलेले लोक यजमानाच्या हक्काचे साक्षीदार असतात. आपल्याकडील लग्नांतील अहेराची वही ज्यानें पाहिली आहे त्याला हें समजावयास कठीण जाऊं नये. तरीही ती बंदी १९५१ पर्यंत उठली नाहीं.

शिडीचा दुसरा आधार म्हणजे कवटीचें मोजमाप. डोक्याचा आकार वंशागणिक कायमचा ठरलेला असतो आणि त्यावरून माणसाची योग्यता कळते, अशी समजूत तेव्हां दृढ होती. बोआस ह्यांनीं अमेरिकेंत येऊन स्थायिक झालेलीं कुटुंबें निवडून सुमारें १८ हजार माणसांचीं मापें घेतलीं, आणि परदेशांत जन्मलेल्या आईबापांच्या व अमेरिकेंत जन्मलेल्या त्यांच्या मुलांच्या डोक्याच्या आकारांत फरक पडतो असें १९११ च्या सुमारास दाखवून दिलें. जें कायमचें म्हणून सांगितलें जात होतें तें एका पिढींत हललें. पुढें १९३३ सालीं नाझींनीं जीं पुस्तकें जाळलीं त्यांत बोआस ह्यांचेंही लिखाण होतें, ह्यांत नवल नाहीं.

ह्या लढाईंत एका मराठी स्त्रीचाही वांटा आहे. इरावतीबाई कर्वे ह्या मुंबईस डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांच्या हाताखालीं शिकून १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या. तेथील त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे पुरस्कर्ते होते. पुढें नाझी राजवटींत ते मोठ्या मानास चढले. कवटीच्या उजव्याडाव्या बाजूंतील विषमतेचा वंशाशीं संबंध असावा, आणि त्यांत गोऱ्यांच्या बुद्धीचें वर्चस्व दिसून यावें, अशी फिशर ह्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या आणि त्या विषमतेचा वंशाशीं संबंध आढळत नाहीं, असें आपल्या प्रबंधांत लिहिलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, पदवी ज्यांच्या हातीं त्या गुरूच्या मताविरुद्ध असा निष्कर्ष लिहावयास मापें अचूक घेण्याहून अधिक कांहीं लागतें.

येथवर सापेक्षतावाद हें एक शस्त्र होतें आणि तें दुर्बळांच्या बाजूनें चाललें. परंतु शस्त्राचें तत्त्वज्ञान झालें म्हणजे त्याची धार कोणाकडे वळेल ह्याचा नेम राहत नाहीं. बोआस ह्यांच्या शिष्या रूथ बेनेडिक्ट ह्यांनीं १९३४ च्या आपल्या ग्रंथांत प्रत्येक संस्कृति हा जीवनाचा एक स्वतंत्र आकृतिबंध आहे असें मांडलें. दुसरे शिष्य मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्स ह्यांनीं त्यापुढें पाऊल टाकून सापेक्षतेस नीतितत्त्वाचें रूप दिलें, आणि त्या तत्त्वाची परीक्षा लवकरच झाली.

दुसरें महायुद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रसंघानें मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार करण्याचें काम हातीं घेतलें. १९४७ सालीं अमेरिकेंतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या कार्यकारी मंडळानें त्यासाठीं नेमलेल्या आयोगाकडे एक निवेदन पाठविलें. त्याचा मसुदा मुख्यतः हर्स्कोव्हिट्स ह्यांचा होता. व्यक्तीचें व्यक्तित्व तिच्या संस्कृतींतून घडतें, म्हणून व्यक्तीचा मान राखावयाचा तर संस्कृतींतील भेदांचाही मान राखला पाहिजे. संस्कृतींची प्रतवारी लावण्याचें शास्त्रीय साधन कोणापाशींही नाहीं. आणि मूल्यें ज्या संस्कृतींत उपजतात तिच्याशींच सापेक्ष असतात, असा त्याचा आशय होता. पश्चिमेकडील चार राष्ट्रांचीं मूल्यें साऱ्या जगावर लादलीं जातील ही भीति त्यामागें होती. आफ्रिकेचा बहुतेक भाग आणि आशियाचाही मोठा भाग अजून परसत्तेखालीं असतां ती भीति निराधार होती असें कोण म्हणेल?

परंतु दोनच वर्षांपूर्वीं पाडाव झालेल्या नाझी राजवटीचें काय? तीही कोणत्या तरी समाजांतच उपजली होती. निवेदन लिहिणाऱ्यांस ही अडचण जाणवली होती. जेथें राज्यकर्ते प्रजेचे हक्क नाकारतात तेथें त्या प्रजेच्या मुळाशीं असलेल्या मूल्यांस आवाहन करतां येईल, अशी एक वाट त्यांनीं मोकळी ठेविली. ज्यूलियन स्ट्यूअर्ड आणि होमर बार्नेट ह्या त्यांच्याच व्यवसायबंधूंनीं १९४८ सालीं ह्या पळवाटेवर बोट ठेविलें. एक तर सारें सहन करून स्वस्थ बसावें, नाहीं तर असहिष्णुता व आक्रमण जेथें दिसेल तेथें त्यांशीं झगडावें; दोन्ही एकदम करतां येणार नाहीं, असा स्ट्यूअर्ड ह्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ह्याहूनही मूळची एक अडचण आहे. सर्व मूल्यें सापेक्ष आहेत, म्हणून सर्व संस्कृतींचा मान राखावा, असें म्हटलें कीं 'मान राखावा' हें एक मूल्य तेवढें निरपेक्ष ठरतें. तें कोठून आलें, हें सापेक्षतावादाला स्वतःच्या बळावर सांगतां येत नाहीं.

१० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें जाहीरनामा मंजूर झाला. अनुकूल मतें ४८ पडलीं, प्रतिकूल एकही नाहीं, आणि आठ राष्ट्रें तटस्थ राहिलीं. त्याच्या आयोगावर चीनचे चँग होते, लेबाननचे मलिक होते, आणि भारताच्या हंसाबेन मेहता होत्या. मुंबईच्या विधिमंडळांत काम केलेल्या ह्या विदुषीनें पहिल्या कलमांतील इंग्रजी शब्दांस हरकत घेतली. त्या शब्दांचा अर्थ 'सर्व माणसें' असा होई, तसा 'सर्व पुरुष' असाही होई. त्यांच्या आग्रहामुळें तेथें स्त्रीपुरुष दोघांसही निःसंशय लागू पडेल असा पाठ आला. ही घटना लहान दिसते. पण ज्यांच्यावर परकीं मूल्यें लादलीं जातील अशी काळजी अमेरिकेंतील पंडित वाहत होते, त्यांच्यांतीलच एक स्त्री त्या मूल्यांची व्याप्ति वाढवीत होती. तिला कोणीं तिची संस्कृति विचारली नव्हती, आणि तीही त्या परवानगीसाठीं थांबली नव्हती.

तटस्थ राहिलेल्या आठांत दक्षिण आफ्रिका होती. तेथें सापेक्षतेच्या भाषेचें पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. स्टेलनबॉश येथें मानववंशशास्त्र शिकविणारे वेर्नर आइझेलेन काळे लोक बुद्धीनें कमी असतात हें मत मानीत नसत. प्रत्येक लोकसमूहाची संस्कृति निराळी आहे, म्हणून तिची वाढ तिच्या जागीं अलग राखून व्हावी, एवढेंच त्यांचें म्हणणें. १९४९ सालीं ते सरकारच्या एतद्देशीय कारभार खात्याचे सचिव झाले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून १९५३ सालीं काळ्यांच्या शिक्षणाचा निराळा कायदा झाला आणि तेथील लक्षावधि मुलें हलक्या प्रतीच्या शिक्षणांत कोंडलीं गेलीं. कवटी मोजणाऱ्यांना जें करावयाचें होतें तेंच संस्कृतीचा मान राखणाऱ्यांच्या भाषेंत करतां आलें. फरक इतकाच कीं, आतां त्यास आदर हें नांव होतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. आदिवासी मुलखास निराळा कारभार असावा हें इंग्रज सरकारचें धोरण जुनें होतें. १८७४ च्या कायद्यानें कांहीं जिल्हे सामान्य कायद्यांतून वगळले गेले, आणि १९३५ च्या कायद्यांत वगळलेले व अंशतः वगळलेले असे प्रदेश नेमण्यांत आले. हा आदिवासींचा कळवळा कीं राष्ट्रीय चळवळीपासून त्यांना दूर ठेवण्याची युक्ति, हा संशय साहजिक होता. अशा वातावरणांत व्हेरियर एल्विन ह्यांचें लिखाण प्रसिद्ध होऊं लागलें.

एल्विन हे ऑक्सफर्डचे पदवीधर. १९२७ सालीं ते ख्रिस्त सेवा संघांत काम करण्यासाठीं पुण्यास आले, गांधीजींच्या प्रभावाखालीं आले, आणि १९३२ सालीं त्याच संघांतील शामराव हिवाळे ह्यांच्यासह मंडला जिल्ह्यांत गोंडांमध्यें जाऊन राहिले. तेथें त्यांनीं बैगा जमातीचा अभ्यास केला. बैगा लोक डोंगरउतारावरील झाडझाडोरा तोडून जाळीत आणि त्या राखेंत बीं टाकून पीक घेत. ह्या शेतीस ते बेवर म्हणतात. नांगर धरणें म्हणजे धरित्रीमातेची छाती फाडणें, अशी त्यांची श्रद्धा. जंगल खात्यानें बेवर बंद करीत आणून १८९० मध्यें ती बैगा चक नांवाच्या एका लहानशा टापूपुरती ठेविली. जी गोष्ट सरकारी दप्तरांत वनसंरक्षण होती ती बैगांच्या दृष्टीनें धर्मलोप होती. त्यांचा उत्साह, त्यांचीं गाणीं, त्यांचा पुजारी म्हणून असलेला दरारा सारेंच ओसरत गेलें, असें एल्विन ह्यांनीं पाहिलें आणि १९३९ च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें. त्या ग्रंथाच्या शेवटीं त्यांनीं उपाय सुचविला तो असा कीं, ह्या लोकांसाठीं एक राखीव प्रदेश असावा, तेथें बेवर व शिकार मोकळी असावी, आणि सावकार, व्यापारी व मिशनरी ह्यांना आळा असावा.

ह्या सूचनेवर पुण्यामुंबईंतून प्रहार झाले. भिल्लांच्या सेवेंत आयुष्य वेंचलेल्या ठक्करबाप्पांनीं १९४१ सालीं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत व्याख्यान देऊन आदिवासींना वेगळें राखण्याच्या विचारास विरोध केला. १९४३ सालीं त्याच संस्थेनें डॉ. घुर्ये ह्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. 'आदिवासी' हा शब्द त्यांना मुळांतच मान्य नव्हता. ह्यांतील बहुसंख्य लोक हे मागासलेले हिंदूच होत, शेंकडों वर्षें त्यांचा हिंदु समाजाशीं संबंध आहे, असें त्यांचें प्रतिपादन. आदिवासींच्या दैन्याचें कारण हिंदूंचा शेजार हें नसून इंग्रजांनीं आणलेली जमीन, कर्ज, जंगल व अबकारीची कायदेपद्धति हें आहे, आणि त्या पद्धतीखालीं साधा कुणबीही तितकाच भरडला गेला आहे, असें त्यांनीं दाखविलें. त्याच वर्षीं एल्विन ह्यांनींही एक लहान पुस्तक काढून आपली बाजू मांडली.

आज दोन्ही पक्षांचें म्हणणें शेजारीं ठेवून वाचलें असतां, प्रत्येकानें दुसऱ्यास न दिसलेली एक गोष्ट पाहिली होती असें वाटतें. एल्विन ह्यांनीं पाहिलें कीं, माणसास भाकरीइतकाच आपल्या जगण्याचा अर्थ लागतो. तो काढून घेऊन त्याला शाळा, खादी आणि मद्यपाननिषेध दिला तर तो सुधारत नाहीं, खचतो. घुर्ये ह्यांनीं पाहिलें कीं, शोषण करणाऱ्यास संस्कृति विचारण्याची गरज नसते. गोंडाचें आणि कुणब्याचें गहाणखत एकाच लेखणीनें लिहिलें जातें. परंतु एल्विन ह्यांच्या योजनेंत बैगा हा जणुं कांचेच्या पेटींत जपावयाचा ठेवा झाला, आणि घुर्ये ह्यांच्या सिद्धांतांत त्याचें निराळेपण हा मोठ्या घरांत येतांना उंबऱ्याबाहेर ठेवावयाचा जोडा झाला. त्याला काय हवें, हा प्रश्न दोन्हीकडे दुय्यम राहिला.

दारियसाच्या गोष्टींतही हेंच झालें आहे. बादशहानें दोन समाजांचीं मतें विचारलीं; त्या समाजांत कोणी निराळें मत बाळगून होतें कां, हें त्यानें विचारलें नाहीं. एका संस्कृतीचें एकच मत असतें असें धरून चालणें, ही सापेक्षतावाद्यांची आणि त्यांच्या विरोधकांची समाईक चूक आहे. संस्कृति स्वतः बोलत नाहीं. तिच्या नांवानें कोणी तरी बोलत असतो: मुखत्यार, पुजारी, बाप, नाहीं तर अभ्यासक.

पंडितांचा वाद चालू असतांनाच ते लोक बोलूं लागले होते. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव-डहाणू भागांत वारल्यांनीं वेठ करण्याचें नाकारलें. त्यांना संघटित करणाऱ्या गोदावरीबाई परुळेकर ह्यांनीं आपल्या १९७० च्या ग्रंथांत तो इतिहास सांगितला आहे. लग्नासाठीं सावकाराचें थोडें कर्ज काढावें आणि तें फेडण्यास त्याच्या घरीं जन्मभर राबावें, बायकोनेंही राबावें, अशा माणसास तेथें लग्नगडी म्हणत. ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती आणि बाहेरून पाहणाऱ्यास ती त्या मुलखाची चाल म्हणून दाखवितां आली असती. वारल्यांनीं ती मोडली; पण आपलीं नृत्यें, आपले देव, आपलीं चौकाचीं चित्रें मोडलीं नाहींत. जपावयाचें काय आणि टाकावयाचें काय, ह्याची निवड त्यांनीं केली. पुढल्याच वर्षीं, डिसेंबर १९४६ मध्यें, घटनासमितींत मुंडा जमातीचे जयपालसिंग उठून उभे राहिले. १९२८ च्या ऑलिंपिकमध्यें भारताच्या हॉकी संघाचे ते नायक होते. आपण जंगली म्हणविले जातों ह्याची लाज न बाळगतां त्यांनीं सांगितलें कीं, लोकशाही आदिवासींना शिकविण्याची गोष्ट नसून त्यांच्यापासून शिकण्याची आहे. त्यांना एकांतवास नको होता, विलीन होणेंही नको होतें. बरोबरीनें बसावयाचें होतें.

एल्विन ह्यांच्याविषयीं न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, ते आपल्या पहिल्या मतास चिकटून बसले नाहींत. १९५४ सालीं ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमाप्रदेशाच्या कारभारांत आदिवासी प्रश्नांचे सल्लागार म्हणून त्यांनीं काम केलें. १९५७ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं एकांतवासाचाही पक्ष घेतला नाहीं आणि घाईच्या सुधारणेचाही नाहीं. ज्या मुलखांत ते काम करीत होते तेथें नरमुंडांची शिकार आणि गुलामगिरी ह्या चालीही होत्या. त्या जमातींची संस्कृति म्हणून त्या राखाव्या, असें एल्विन म्हणाले नाहींत. विणकाम राखावें आणि गुलाम सोडवावा, ह्यांत त्यांस विसंगति वाटली नाहीं. कारण गुलामही त्याच मुलखांतला माणूस होता.

येथें एक आक्षेप राहतो आणि तो टाळतां येणार नाहीं. आंतल्या माणसाचें मत घ्यावें म्हटलें, पण पीडित व्यक्तीच पीडेचा पुरस्कार करीत असेल तर? केनियांत किकुयू लोकांत मुलींची सुंता करण्याची चाल होती. १९२९ सालीं मिशनऱ्यांनीं तिच्यावर बहिष्कार घातला तेव्हां हजारों लोक त्यांचें चर्च व शाळा सोडून गेले आणि त्यांनीं स्वतःच्या शाळा काढल्या. पुढें देशाचे नेते झालेले जोमो केन्याटा लंडनला मालिनोव्हस्की ह्यांच्या हाताखालीं मानववंशशास्त्र शिकले, आणि १९३८ च्या ग्रंथांत त्यांनीं ह्या चालीचें समर्थन केलें. १९५६ सालीं शेजारच्या मेरू भागांत ती बंद करण्यांत आली तेव्हां कित्येक मुलींनीं ती क्रिया स्वतःच्या हातांनीं करून घेतली. परसत्तेच्या हुकुमापुढें ती चाल स्वाभिमानाचें निशाण झाली. परंतु इतिहास तेथेंच थांबला नाहीं. स्वतंत्र केनियांतील स्त्रियांनीं ह्या चालीविरुद्ध वर्षानुवर्षें खटपट केली, आणि २०११ सालीं त्यांच्याच संसदेनें तिच्यावर बंदीचा कायदा केला. एकच निषेध परक्यानें केला तेव्हां चाल घट्ट झाली आणि घरच्यांनीं केला तेव्हां तिचें बळ कमी होऊं लागलें. ह्यावरून निषेध चूक होता असें ठरत नाहीं. निषेध करणाऱ्याला ऐकणाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो, एवढें ठरतें.

ज्या संस्थेनें १९४७ चें निवेदन पाठविलें होतें तिनेंच १९९९ सालीं मानवी हक्कांविषयीं नवी घोषणा स्वीकारली. संस्कृतिभेदांचा आदर तींतही आहे; परंतु एकाचा भेद दुसऱ्याच्या हक्कावर घाला घालीत असेल तर त्यास संरक्षण नाहीं, असें तींत मान्य केलें आहे. बावन वर्षांचा हा प्रवास म्हणजे सापेक्षतावादाचा पराभव नव्हे. समजून घेतल्यावांचून न्याय करूं नये हा त्याचा पहिला धडा आजही तितकाच खरा आहे, आणि जे लोक सार्वत्रिक मूल्यांच्या नांवानें दुसऱ्याच्या देशांत शिरतात त्यांनीं तो रोज गिरवावा. मात्र समजून घेणें ही न्यायाची पूर्वतयारी आहे, न्यायातून सुटका नव्हे. मर्यादा कोठें आंखावी ह्याचें उत्तरही बाहेरून आणलेल्या मापपट्टींत शोधण्यापूर्वीं त्या समाजांतच शोधावें. तेथें रीतीखालीं दबलेला कोण आहे, त्याला बोलतां येतें कां, आणि रीत सोडून जावयाचें असल्यास त्यास वाट मोकळी आहे कां, हे प्रश्न विचारले म्हणजे पॉटलॅच आणि लग्नगड्याची वेठ ह्या दोन 'चालीं'तील फरक कोणाही सरळ बुद्धीच्या माणसास दिसतो.

बैगांच्या कथेचा पुढला भाग सांगून हा लेख संपवितों. २००६ सालीं भारताच्या संसदेनें वनहक्कांचा कायदा केला. बैगा चक ज्या मुलखांत आहे तो आतां मध्य प्रदेशांतील दिंडोरी जिल्ह्यांत मोडतो. तेथील कांहीं बैगा गांवांना ह्या कायद्याखालीं आपल्या परंपरागत अधिवासाचा हक्क २०१५ च्या सुमारास मान्य करून मिळाला. तो एल्विन ह्यांच्या राखीव प्रदेशासारखा कोणीं दयेनें राखून दिलेला नव्हे, आणि घुर्ये ह्यांच्या विलीनीकरणांतही तो बसत नाहीं. आपल्या नद्या, डोंगर आणि देवांच्या जागा कोणत्या, हें गांवच्या लोकांनीं सांगावयाचें आणि सरकारनें तें लिहून घ्यावयाचें, अशी त्या कायद्याची रीत आहे. पूर्वीं अभ्यासक लिहीत आणि बैगा लिहिले जात. आतां निदान कांहीं कागदांवर बैगा सांगतात आणि लिहिणारा विचारून लिहितो.